गिरगावातील गांधर्व महाविद्यालय आणि पंडित विष्णु दिगंबर

लालबागच्या ज्या चाळीत माझे बालपण गेले, तेथे गाणे शिकणाऱ्या मुलाला वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न एकच विचारीत. तो म्हणजे, कितवी परीक्षा झाली. कोणाकडे शिकतोस, कोणता राग चालू आहे, हे प्रश्न नंतर, आणि तेही वेळ असला तर. परीक्षा म्हणजे अर्थातच गांधर्वची परीक्षा. प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा, विशारद, अलंकार अशी ती चढती शिडी. तिच्या दोन पायऱ्या मीही चढलो आणि आवाज फुटण्याच्या वयात मुकाट्याने खाली उतरलो. दादरच्या ज्या वर्गात मी जात असे, तेथे भिंतीवर एका भारदस्त गृहस्थांची तसबीर होती. गुरुपौर्णिमेला तिला हार घातला जाई. हेच ते गांधर्व, असा माझा त्या वयातला समज. गांधर्व हे माणसाचे नाव नसून एका शाळेचे नाव आहे, ती शाळा आमच्यापासून फार लांब नव्हे, गिरगावात सँडहर्स्ट रोडवर होती, आणि कर्जापायी एके दिवशी तिचा लिलाव झाला, हे मला पुष्कळ उशिरा, महाविद्यालयात आल्यावर कळले.

यंदाच्या वार्षिकात आपल्या भागाशी संबंध असलेल्या एखाद्या थोर व्यक्तीविषयी लिही, असे संपादकांनी सुचविले तेव्हा मला ती तसबीर आठवली. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांविषयी लिहिताना त्यांना एकदम संतपदी नेऊन बसविण्याचा मोह अनेकांना आवरत नाही. भगवी वस्त्रे, रामनामाचा घोष, नाशिकचा आश्रम ही सामग्री त्याला अनुकूलही आहे. पण मला ओढ वाटते ती त्यांच्यातल्या दुसऱ्याच माणसाची. शाळेची घंटा वेळेवर वाजविणारा, फी घेणारा, तिकीट लावून गाणारा, पुस्तके छापून विकणारा आणि कर्ज काढून इमारत बांधणारा जो माणूस त्यांच्यात होता, त्याच्याशिवाय आमच्या चाळीतल्या पोराला गाणे मिळाले नसते, असे मला वाटते. म्हणून हा लेख प्रामुख्याने त्या माणसावर आहे.

विष्णुपंतांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड या दक्षिण महाराष्ट्रातल्या छोट्या संस्थानी गावी झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुसकर झाले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. गाण्याचा पहिला संस्कार म्हणायचा तर तो कीर्तनाचा, आणि पुढे आयुष्यभर मैफलीत गातानाही समोरचा समाज हाताशी धरून गाण्याची त्यांची जी रीत होती, तिचे मूळ मला तेथेच दिसते. मुलगा इंग्रजी शाळेत शिकत होता. सगळे नीट चालले असते तर एखाद्या कचेरीत चांगल्या जागेवर लागला असता. पण दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेच्या दारूचा चेहऱ्याजवळ स्फोट झाला आणि डोळे अधू झाले. अक्षर वाचणे अवघड झाल्यावर शिक्षण संपले. ज्याला पुस्तक धड वाचता येत नव्हते, त्याने पुढे संगीताची पन्नासच्या वर पुस्तके तयार करून छापली, ही त्याच्या आयुष्यातली मोठीच गंमत आहे.

डोळ्यांच्या उपचारासाठी मिरजेस नेले असता तेथे गाणे शिकण्याची वाट निघाली. मिरजेच्या अधिपतींच्या आश्रयाने पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे १८८७ च्या सुमारास त्यांची तालीम सुरू झाली. बाळकृष्णबुवांनी स्वतः ग्वाल्हेरच्या वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे हालअपेष्टा सोसून विद्या मिळविली होती, आणि ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय त्यांनाच दिले जाते. गुरुगृही राहून विद्या मिळविण्याची ती जुनी रीत आज आपण फार रम्य करून सांगतो. पण तिच्यात पाणी भरणे होते, पाय चेपणे होते, आणि गुरूची मर्जी लागली तर शिकणे होते. आज काय शिकवतील, किती शिकवतील, उद्या शिकवतील की नाही, यातले शिष्याच्या हाती काही नसे. विष्णुपंत त्या रीतीने सुमारे नऊ वर्षे शिकले, उत्तम शिकले, आणि मग त्या रीतीविरुद्ध उभे राहिले. अंगी कृतज्ञता असूनही ते हे करू शकले, हे मला विशेष वाटते.

त्यांच्या चरित्रात मिरजेचा एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. गावात काही समारंभ होता. प्रतिष्ठित मंडळींना आमंत्रणे गेली. संस्थानिकांची मर्जी असलेल्या तरुण विष्णुपंतांना आमंत्रण होते, पण खुद्द बाळकृष्णबुवांना नव्हते. चौकशी केली तेव्हा कळले की बुवा गवई पडले. गवयांना असे बोलावण्याची चाल नाही. ज्याच्या पायाशी बसून आपण विद्या घेतो तो माणूस गावाच्या लेखी हुजऱ्यापेक्षा फारसा वर नाही, ही गोष्ट त्या शिष्याच्या मनात कायमची रुतून बसली. आता या प्रसंगाला कोणी भावनेचा रंग देतात; मला तो व्यवहाराचा प्रसंग वाटतो. दरबारचा गवई हा मर्जीवर जगतो. मर्जी म्हणजे पगार नव्हे. ज्याला मर्जीवर जगायचे नाही त्याने दुसरा धनी शोधला पाहिजे, आणि तो धनी म्हणजे तिकीट काढून येणारा श्रोता आणि फी भरून शिकणारा विद्यार्थी. विष्णुपंतांनी हा हिशेब कागदावर मांडला नसेल, पण पुढची पस्तीस वर्षे ते त्याच हिशेबाने वागले.

१८९६ साली त्यांनी मिरज सोडली. बडोदे, काठेवाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असा त्यांचा प्रवास झाला. बडोद्यास राजघराण्याचा मान मिळाला, पण ते तेथे नोकरीस राहिले नाहीत. राजकोटास त्यांनी तिकीट लावून जाहीर गाणे केले. रागदारी गाण्याचा असा हा पहिलाच कार्यक्रम म्हणून त्याचा उल्लेख होतो. मथुरेस ते ब्रजभाषा आणि ध्रुपद शिकले. गिरनारवर एका साधूने त्यांना उत्तरेस जाण्याची आज्ञा केली अशी कथा आहे. ती मी सांगून मोकळा होतो, कारण पंजाबात जाण्याला साधूच्या आज्ञेइतकेच दुसरेही कारण पुरेसे होते. तेथे आर्यसमाजाच्या चळवळीने शाळा, सभा आणि वर्गणी या तिन्ही गोष्टी लोकांच्या अंगवळणी पाडल्या होत्या.

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. संस्थानिकाच्या दरबारात नव्हे, गुरूच्या घरी नव्हे, तर भाड्याच्या जागेत, वेळापत्रकाने, हजेरीपटाने, फी घेऊन आणि जातीपातीची चौकशी न करता रागसंगीत शिकविणारी ही शाळा. बडोद्यास मौलाबक्षांनी आधी संगीतशाळा काढली होती, पण तिला महाराजांचा आधार होता. विष्णुपंतांना तो नव्हता. पहिले काही दिवस विद्यार्थीच आले नाहीत. तरीही हा माणूस ठरल्या वेळी दार उघडून तंबोरा लावून बसे आणि वेळ संपली की दार लावी. गाण्याच्या प्रांतात वेळ पाळण्याची ही गोष्ट आजही अपूर्वच म्हटली पाहिजे!

हळूहळू वर्ग भरू लागले. स्त्रियांसाठी निराळे वर्ग निघाले. घरंदाज मुलीने गाणे शिकणे म्हणजे घराण्याला बट्टा, असे मानण्याचा तो काळ. त्या मुलींच्या आईबापांची खात्री पटावी म्हणून शाळेत प्रार्थना होती, शिस्त होती, आणि पदांतले शब्द सोवळे होते. या सोवळेपणाविषयी मला पुढे थोडे बोलायचे आहे.

शाळा चालवायची तर शिक्षक हवेत, आणि तेही पद्धतशीर शिकवू शकणारे हवेत. जुने उस्ताद आणि बुवा ही गोष्ट करणार नव्हते. म्हणून विष्णुपंतांनी उपदेशक वर्ग काढला. या वर्गातल्या मुलाने नऊ वर्षे शाळेत राहण्याचा करार लिहून द्यायचा. त्याचे जेवणखाण, राहणे, शिकणे सगळे शाळेच्या खर्चाने. पुढे त्याने गावोगाव जाऊन शाळा काढायची. विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर, वामनराव पाध्ये, नारायण मोरेश्वर खरे ही सगळी नावे या परंपरेतली. पण नफ्यातोट्याच्या दृष्टीने पाहिले तर नऊ वर्षे कोणाची फी न घेता पोटाला घालायचे, असा हा उलटा धंदा होता. शाळेला पुढे जी गळती लागली ती बऱ्याच अंशी येथून लागली, असे माझे मत आहे. आणि शाळा बुडाल्यावर जे काही उरले तेही येथूनच उरले.

१९०८ साली मुंबईची शाखा निघाली. ते वर्ष मुंबई विसरणार नाही. जुलै महिन्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि आमच्या परळ-लालबागच्या गिरणी कामगारांनी शिक्षेच्या एकेका वर्षासाठी एकेक दिवस असा सहा दिवसांचा बंद पाळला. या तापलेल्या शहरात पंजाबातून एक अधू डोळ्यांचा गायनाचार्य आला आणि गिरगावात त्याने शाळेची पाटी लावली. गिरगाव तेव्हा मराठी पांढरपेशांचे केंद्र. गायनाची आवड उदंड, पण ती नाटकाच्या पदांची. मुलाने तंबोरा घेऊन बसावे इतकी नव्हे. तरीही शाळा वाढली आणि थोड्याच काळात लाहोर मागे पडून मुंबई हेच संस्थेचे मुख्य ठाणे झाले.

या रस्त्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. १८९६ च्या प्लेगनंतर शहरातली कोंदट वस्ती फोडून हवेशीर रस्ते पाडण्यासाठी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे सँडहर्स्ट रोड. आज आपण त्याला सरदार वल्लभभाई पटेल रोड म्हणतो. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तो नवा कोरा होता. पश्चिमेच्या टोकाला रॉयल ऑपेरा हाउस १९११ साली उघडले होते. अशा या रस्त्यावर १९१५ च्या सुमारास गांधर्व महाविद्यालयाची स्वतःची इमारत उभी राहिली. गवयांची शाळा, आणि तिला हमरस्त्यावर स्वतःची वास्तू! मिरजेच्या त्या न आलेल्या आमंत्रणाला दिलेले हे दगडाविटांतले उत्तर होते असे मला वाटते. वर्ग, विद्यार्थ्यांची राहण्याची सोय, पुस्तकांची छपाई, वाद्यांची दुरुस्ती असा तो सगळा प्रपंच होता. आणि तो कर्जावर उभा होता.

शाळेत काय शिकवीत? संगीत बालप्रकाश, बालबोध, मग राग प्रवेशाची एकामागून एक पुस्तके, भजनांसाठी भजनामृत लहरी, स्त्रियांसाठी महिला संगीत. या पुस्तकांतली स्वरलिपी ही विष्णुपंतांची स्वतःची. तीत स्वराच्या खाली त्याच्या काळाची खूण असते. एका मात्रेला आडवी रेघ, अर्ध्या मात्रेला शून्य, पाव मात्रेला चंद्रकोर. तालात समेला एकाचा आकडा आणि खालीला अधिकाची खूण. बारीकसारीक लय त्यात नेमकी उतरते, पण लिहिणाऱ्याचा आणि छापणाऱ्याचा जीव जातो. मी स्वतः यमनची एक छोटी बंदिश त्या लिपीत उतरवून पाहिली आहे. पाऊण तास लागला आणि तरी एक चंद्रकोर चुकली.

याच सुमारास तीनचार मैलांवर वाळकेश्वरी दुसरे एक विष्णु हेच काम निराळ्या वाटेने करीत होते. पंडित विष्णु नारायण भातखंडे वकील होते, विद्वान होते, उस्तादांच्या घरच्या शेकडो चिजा त्यांनी मिळवून, उतरवून, छापून काढल्या. त्यांची लिपी सोपी आहे आणि म्हणूनच ती अधिक पसरली. या दोन विष्णूंचे फारसे जमले नाही. भातखंड्यांना शास्त्र हवे होते, विष्णु दिगंबरांना समाज हवा होता. एकाचा भर ग्रंथावर आणि परिषदेवर, तर दुसऱ्याचा वर्गावर आणि व्यासपीठावर. कोण थोर, हा वाद गिरगावच्या कट्ट्यांवर पुष्कळ रंगला असेल. मला एवढेच दिसते की चिजांचा साठा पाहिजे तर भातखंड्यांकडे जावे लागते, आणि शिकवायला माणूस पाहिजे तर तो बहुधा विष्णु दिगंबरांच्या परंपरेतला सापडतो.

रचनाकार म्हणून त्यांचे काम कोठे शोधायचे? बंदिशींच्या वहीत ते थोडे सापडेल. अधिक सापडेल ते शेकडो माणसांनी एका वेळी म्हणावयाच्या चालींत. संतांची पदे त्यांनी रागांत बांधली, समूहाला झेपतील अशी बांधली. रघुपति राघव या रामधुनीची सर्वांच्या ओठी असलेली चाल त्यांच्या नावावर सांगितली जाते. त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीतशिक्षक म्हणून गेले, त्यांनी आश्रमाची भजनावली सिद्ध केली, आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते चालले. वंदे मातरम् ला विष्णुपंतांनी काफीची चाल लावली आणि काँग्रेसच्या अधिवेशनांतून ते ती गात. १९२३ च्या काकिनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी संगीताला हरकत घेतली, तरी ते न थांबता पूर्ण गायले. ही गोष्ट सांगताना पुष्कळांचा आवाज चढतो. मला त्यात दिसतो तो मिरजेचाच हट्टी शिष्य. गाणाऱ्याने कोठे गावे आणि कोठे गप्प बसावे हे दुसऱ्याने ठरवावयाचे नाही, हा त्याचा जुना मुद्दा होता.

आता त्या सोवळेपणाविषयी. शृंगाराच्या ठुमऱ्या आणि ख्यालांतले शब्द विष्णुपंतांनी बदलले. प्रियकराच्या जागी देव आला. हे केल्यावाचून मध्यमवर्गीय घरांची दारे उघडली नसती हे खरे. पण त्याची किंमत कोणी दिली तेही पाहिले पाहिजे. सँडहर्स्ट रोडचे पूर्वेकडचे टोक डोंगरीकडे, भेंडीबाजाराच्या अंगाला जाते. तेथे मुरादाबादेकडून आलेले छज्जू खाँ, नझीर खाँ आणि खादिम हुसेन खाँ हे बंधू राहत होते आणि त्यांच्या गायकीला मुंबईने भेंडीबाजार हे नाव दिले. त्यांच्याच विद्येवर मोठ्या झालेल्या अंजनीबाई मालपेकर याच मुंबईत होत्या. पलीकडे केनेडी ब्रिजच्या बाजूला गाणाऱ्या बायकांची वस्ती होती. ज्या स्त्रियांनी आणि ज्या उस्तादांनी हे गाणे पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवले, त्यांच्यापैकी फार थोड्यांना या नव्या शाळेत मानाचे आसन मिळाले असते. गाण्याला अब्रू मिळवून देताना ज्यांची अब्रू समाजाने आधीच काढून घेतली होती ती माणसे दाराबाहेर राहिली. विष्णुपंतांच्या मनात द्वेष होता असे मी म्हणत नाही. पण त्यांचे लक्ष आत येणाऱ्या मुलामुलींवर होते आणि मागे राहिलेल्यांकडे त्यांनी वळून पाहिले नाही, एवढे मात्र म्हणावे लागते.

कर्ज फेडण्याचा त्यांचा मार्ग एकच, तो म्हणजे गाणे. दौरा काढायचा, जाहीर कार्यक्रम करायचे, आलेला पैसा मुंबईला पाठवायचा. व्याज भरायचे, उपदेशक वर्गाच्या मुलांचे धान्य भरायचे, छपाईचे बिल भागवायचे, आणि पुन्हा दौरा. १९१८ पासून काही वर्षे त्यांनी स्वतःच्या संगीत परिषदा भरविल्या. त्यातही खर्चच होता. एकट्या गळ्यावर चाललेली ही संस्था. गळा थकला किंवा मन दुसरीकडे वळले की ती संपणार हे उघड होते, आणि मन वळू लागले होते. मैफलींच्या जागी रामायणाची प्रवचने येऊ लागली, रागाच्या जागी रामधून येऊ लागली. घरीही दुःखाला पारावार नव्हता. एकामागून एक मुले गेली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय तेवढा जगला. अशा माणसाने हिशेबाच्या वहीकडे पाठ फिरविली तर त्याला दोष देणे कठीण आहे. पण वही कोणाकडे पाठ फिरवीत नाही. सावकारांनी तगादा लावला आणि १९२४ साली सँडहर्स्ट रोडवरची इमारत लिलावात गेली.

या जागी चरित्रकार सहसा घाईने पुढे नाशिकला जातात. मला मात्र येथे थांबावेसे वाटते. गिरगावात तेव्हा लक्षाधीश शेटिया होते, मोठे वकील होते, नाटकाच्या एका खेळावर पैसा उधळणारे रसिक होते. ज्या शहराने या शाळेच्या मुलामुलींची गाणी सभासंमेलनांत ऐकली, बक्षीससमारंभात टाळ्या वाजविल्या, त्या शहराला ती वास्तू वाचविता आली नाही. गाणे सन्मानाचे झाले होते. गाण्याच्या शाळेचे कर्ज मात्र गवयाचेच राहिले होते.

पुढची सातआठ वर्षे लवकर सांगून होण्यासारखी आहेत. नाशिकला पंचवटीत त्यांनी रामनाम आधार आश्रम काढला होता, तेथे ते राहू लागले. भगवी वस्त्रे अंगावर आली. काही शिष्य जवळ राहिले, काही आपापल्या वाटेने गेले. विनायकराव पटवर्धन तर बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत गेले होते. गुरूला ते आवडले असेल असे वाटत नाही. प्रकृती ढासळत गेली, आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी, ज्या मिरजेत गाण्याची सुरुवात झाली होती त्याच मिरजेत, एकोणसाठाव्या वर्षी विष्णुपंतांनी देह ठेवला.

आता उपदेशक वर्गाच्या त्या उलट्या धंद्याकडे परत येतो. इमारत गेली त्याच्या पुढच्याच वर्षी, १९२५ साली, बा. र. देवधरांनी गिरगावातच आपली संगीतशाळा काढली. ती पुढे ऑपेरा हाउसजवळ फ्रेंच ब्रिजपाशी मोदी चेंबर्समध्ये नांदली. देवधर गुरूंहून निराळ्या वृत्तीचे. त्यांनी पाश्चात्य संगीताचा अभ्यास केला, सिंदे खाँसारख्या फकिरी वृत्तीच्या उस्तादाला घरी आणून त्याच्याकडून विद्या घेतली, बडे गुलाम अली खाँ यांच्यासारख्यांशी स्नेह जोडला. सँडहर्स्ट रोडच्या ज्या टोकाकडे गुरूने पाहिले नाही, तिकडची माणसे शिष्याच्या शाळेत सन्मानाने येऊन बसू लागली. आणि अकराबारा वर्षांचा एक कानडी मुलगा, शिवपुत्र कोमकळी, ज्याला आपण कुमार गंधर्व म्हणतो, तो याच शाळेत घडला.

विनायकराव नाटकातून बाहेर पडले आणि १९३२ साली त्यांनी पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढले. शंकरराव आणि नारायणराव हे व्यास बंधू दादरला आले आणि १९३७ साली तेथे व्यास संगीत विद्यालय सुरू झाले. शंकररावांनी चित्रपटांना संगीत दिले. १९४३ चा रामराज्य त्यांचाच. नारायणरावांच्या ध्वनिमुद्रिका तर घरोघर वाजत. ओंकारनाथांनी पुढे बनारस हिंदु विश्वविद्यालयात संगीताचे महाविद्यालय उभे केले. गुरूच्या मृत्यूनंतर त्याच वर्षी अहमदाबादेस शिष्य जमले आणि त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आमच्या चाळीतली ती परीक्षा या मंडळाची. दहा वर्षांचा पोरका दत्तात्रेय विनायकराव आणि नारायणराव यांच्या हाताखाली वाढला. द. वि. पलुसकर या नावाने तो काय गायला ते आकाशवाणीच्या श्रोत्यांना सांगायला नको. वडिलांच्या भजनांना त्याच्या गळ्यात जे मार्दव आले ते वडिलांपाशी बहुधा नव्हते. १९५५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी, तोही गेला.

गेल्या पावसाळ्यात मी एका दुपारी प्रार्थना समाजापासून सरदार वल्लभभाई पटेल रोडने पूर्वेकडे चालत गेलो. ट्रक, हातगाड्या, लोखंडाच्या आणि यंत्रांच्या सुट्या भागांच्या दुकानांची रांग. गाण्याचा मागमूस नाही. एका जुन्या दुकानदाराला गांधर्व महाविद्यालय कोठे होते असे विचारले. त्यांनी मला आपुलकीने बसविले, चहा मागविला, आणि वाशीला कसे जायचे ते नीट समजावून सांगितले, कारण मंडळाची आजची मोठी वास्तू वाशीला आहे. त्यांची नात तेथे मध्यमेच्या परीक्षेस बसणार होती. तिला शास्त्राच्या उत्तरपत्रिकेत दोन विष्णूंच्या स्वरलिप्यांची तुलना करावयाची होती आणि समेला एकाचा आकडा कोण देतो व फुलीची खूण कोण करतो यात तिचा नेहमी घोटाळा होत होता. मी त्यांच्या पावतीपुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर त्रिताल दोन्ही तऱ्हांनी लिहून दिला.